तक्रार: अपडेटनंतर प्रोग्राम जावाच्या कुठल्याच आवृत्तीवर सुरू होत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: हिशेबाच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीतील दोष दुरुस्त करून मिळण्याबाबत

महोदय,

आपला हिशेबाचा प्रोग्राम आम्ही बरीच वर्षे वापरत आहोत. नवे अपडेट घेतल्यापासून तो उघडतच नाही. आयकॉनवर डबल-क्लिक केले की एक छोटी चौकट येते: जेएनआय एरर आली आहे, इन्स्टॉलेशन तपासून पुन्हा प्रयत्न करा. नेमके काय तपासायचे, याबद्दल एक शब्द नाही. आपल्या हेल्पलाइनवरही तेवढेच सांगितले जाते, की जावा (आपला प्रोग्राम ज्याच्या आधारावर चालतो ते सॉफ्टवेअर) काढून टाका आणि नव्याने घाला. तसे करूनही काही फरक पडला नाही, आणि एररचा पूर्ण मजकूर काय आहे हे एकदाही कोणी विचारले नाही.

तो मजकूर शेवटी आम्हीच शोधून काढला. आपला आयकॉन एक बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली साधी मजकूर फाइल) चालवतो आणि ती फाइल जावा सुरू करण्यासाठी ‘जावाडब्ल्यू’ ही आज्ञा बोलावते. तिला कन्सोल, म्हणजे संदेश दाखवणारी मजकुराची खिडकी, नसल्यामुळे खरे कारण पडद्यावर येतच नाही. त्या जागी साधे ‘जावा’ लिहून कमांड प्रॉम्प्टमधून फाइल चालवली, तेव्हा ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ दिसली. प्रोग्रामच्या क्लास फाइलची (जावा जी वाचून चालवतो त्या फाइलची) आवृत्ती ६१ आणि आमच्या मशीनवरचा जावा ५२ पर्यंतच ओळखतो, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. ५२ म्हणजे जावा ८ आणि ६१ म्हणजे जावा १७. आपल्या डाउनलोड पानावर मात्र आजही ‘जावा ८ पुरेसा आहे’ असेच छापलेले आहे.

म्हणून जावा १७ घातला. तरीही प्रोग्राम उघडेना! पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे याच्या मशीनवरच्या यादीत, जुना जावा आधी लागत होता, तो क्रम बदलला. मग दुसरीच एरर आली: ‘अनरेकग्नाइज्ड व्हीएम ऑप्शन मॅक्सपर्मसाइज’. हा पर्याय आपल्याच बॅच फाइलमध्ये लिहिलेला आहे. जावाच्या ज्या ‘पर्मजेन’ नावाच्या मेमरीच्या भागासाठी तो होता, ती २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मध्येच काढून टाकली गेली. त्यानंतरच्या आवृत्त्या इशारा देऊन पर्याय सोडून देत होत्या. जावा १७ तो पाहताच चालायला नकार देतो.

आता हे दोन्ही दोष एकत्र पाहावेत. क्लास फाइलला १७ किंवा त्यापुढचा जावा हवा आणि बॅच फाइल १७ किंवा त्यापुढच्या जावावर चालत नाही. म्हणजे आपण पाठवलेले अपडेट त्याच्या स्वतःच्या आयकॉनवरून कोणत्याही जावावर सुरू होणे शक्यच नव्हते. कोऱ्या मशीनवर एकदा जरी ते घालून पाहिले असते, तरी हे लगेच लक्षात आले असते. ती चाचणी झाली नाही, याचा आम्हाला सर्वांत जास्त राग आहे.

तो पर्याय बॅच फाइलमधून खोडल्यावर प्रोग्राम सुरू झाला. पण हिशेब लिहिणाऱ्या माणसाने बॅच फाइल उघडून जावाचे पर्याय खोडावेत, ही अपेक्षा चुकीची आहे. ज्यांना हे जमणार नाही, त्या ग्राहकांची कामे आजही अडलेली असतील.

तरी बॅच फाइल दुरुस्त केलेले अपडेट ताबडतोब द्यावे आणि डाउनलोड पानावरची जावाची अट बदलावी. त्याहून चांगले म्हणजे जावाचा रनटाइम (प्रोग्राम चालवायला लागणारा भाग) प्रोग्रामसोबतच द्यावा. जावाच्या नव्या आवृत्त्यांसोबत मिळणाऱ्या ‘जेपॅकेज’ या साधनाने ते करता येते, आणि मग ग्राहकाच्या मशीनवर कोणता जावा आहे याचा प्रश्नच उरत नाही. प्रोग्राम सुरू न झाल्यास कारण लॉग फाइलमध्ये नोंदले जावे, आणि हेल्पलाइनवरच्या मंडळींनी जावा काढायला सांगण्याआधी ती फाइल मागावी.

प्रोग्राम बंद राहिला तेवढी मुदत आमच्या परवान्यात वाढवून द्यावी, ही मागणीही या पत्राद्वारे करीत आहोत. दोन्ही एररचा पूर्ण मजकूर आणि मूळ बॅच फाइल सोबत जोडली आहे. लेखी उत्तराची वाट पाहत आहोत.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक