सुधीर, आधी मीटर लाव, मग पार्ट घे

कोल्हापूर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं: नवा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) बसवल्यापासून दिवे पिवळे पडतात, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा मंद पेटतो, आणि गॅरेजवाला ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बदलायला सांगतोय. सगळ्यात आधी एकच सांगतो, ईसीएम बदलू नकोस. खाली लिहितो ती मापं घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. अल्टरनेटर काढेपर्यंत ईसीएम ठणठणीत होता आणि तू नट आवळून बोनेट लावलंस त्याच संध्याकाळी तो गेला, हे मला पटत नाही. त्या गॅरेजवाल्याने साधं मीटरही न लावता एवढा खर्च सांगितला, याचा रागच आला. कामानंतर लगेच नवा बिघाड दिसला, तर जिथे जिथे पाना लागला तिथेच आधी बघायचं असतं.

सर्वांत मोलाची गोष्ट तू शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलीस: हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर जातो, बंद केले की खाली येतो. इंजिन असं क्षणात तापत किंवा निवत नाही. तो काटा तुला अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जाण्याच्या वाटेचा, दोष दाखवतोय. तुझ्या गाडीत बॅटरीची मायनस केबल गिअरबॉक्सवर येते आणि तिथून एक विणलेली तांब्याची पट्टी बॉडीला जाते. हेडलाइट, ब्लोअर, वायपर या सगळ्यांचा करंट बॉडीतून त्या पट्टीनेच परत जातो. पट्टीचा सांधा गंजलेला किंवा ढिला असला, की इंजिन आणि बॉडी यांच्यात एखाद्या व्होल्टचा फरक पडतो. टेंपरेचरच्या सेन्सरला एकच वायर आहे, त्याचं अर्थिंग इंजिनातून होतं. काट्याचं अर्थिंग मात्र बॉडीला. त्या फरकामुळे काटा खोटं दाखवतो.

तू लिहितोस की मीटर बीप मोडवर लावून बघितलं, सगळीकडे बीप वाजला, म्हणजे वायरिंग चांगलं आहे. इथेच माणूस फसतो. केबलची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, पण त्या एका तारेतून तीस अँपिअर जात नाहीत. सांध्यात 0.05 ओहम रोध असेल तर साधं मीटर त्याला जवळपास शून्यच म्हणेल, पण 30 अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खाल्ले जातात. साध्या फिलामेंटच्या बल्बला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. तुझे दिवे पिवळे पडतात ते असे. म्हणून माप घ्यायचं ते करंट वाहत असताना.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेव. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 च्या आसपास हवेत. 12.2 म्हणजे बॅटरी अर्धीच भरलेली, मग आधी ती बाहेर चार्ज कर, नाहीतर पुढचे आकडे फसवतील. नंतर गाडी चालू करून बॅटरीवरच बघ: 13.8 ते 14.5. आता हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिनला थोडी रेस देऊन तीन ठिकाणी माप. अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत 0.3 च्या वर नको. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 0.2 च्या वर नको. आणि इंजिनपासून गाडीच्या बॉडीच्या उघड्या पत्र्यापर्यंतही तेवढंच. माझा अंदाज आहे की तिसरा आकडा तुला दचकवेल.

पहिलं मापही टाळू नकोस. बॅटरीचा दिवा मंद पेटतो असं लिहिलंस ना? तो दिवा इग्निशन आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये जोडलेला असतो. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असलं की विझतो. मंद पेटतो म्हणजे दोन बाजूंत फरक आहे: एक तर त्या जाड वायरीचं थिंबल (टोकाची धातूची कडी) नीट बसलेलं नाही, नाहीतर अल्टरनेटरच्या आतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय. सांध्यांवरचे सगळे आकडे चोख आले आणि तरी बॅटरीवर 13 च्या खाली दिसलं, तरच नव्या अल्टरनेटरवर संशय घे, तोही अल्टरनेटर फिरवणारा पट्टा घसरत नाही ना हे बघून. 15 च्या वर गेलं तर मात्र गाडी ताबडतोब बंद कर. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळेल आणि ईसीएम खरोखरच जाईल.

दुरुस्ती स्वस्तातली आहे. पट्टीची दोन्ही टोकं सोड, थिंबल आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घास, दातेरी वॉशर घालून आवळ आणि वरून पेट्रोलियम जेली लाव. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत ती जेली हवीच. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला रंग दिलेला असेल तर बोल्टखालचा तेवढा रंग काढ, कारण त्याचं अर्थिंग त्या बोल्टातूनच होतं.

काही सोडताना मायनस आधी काढ, लावताना शेवटी लाव, आणि हातातली अंगठी काढून ठेव. इंजिन चालू असताना ‘अल्टरनेटर तपासायला’ म्हणून बॅटरीची केबल काढ, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस. त्या एका झटक्याचं व्होल्टेज डायोड आणि ईसीएम दोन्ही घालवू शकतं. बॅटरी काढल्यापासून आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) वरखाली होतंय, त्याची काळजी सोड. थोडं चालवलं की बहुतेक बसेल.

आकडे कागदावर लिही आणि फोन कर, रात्री कितीही वाजले तरी चालेल. ते नीट येईपर्यंत मात्र अंधारात आंबा घाट चढायला निघू नकोस. पावसात वायपर, ब्लोअर, हेडलाइट सगळं एकदम लागतं, आणि तिथे दिवे मंदावले तर गाडी बाजूला घ्यायलासुद्धा जागा मिळत नाही. आईंना नमस्कार सांग.

तुझा,
अशोक