दोन-दहाच्या बांगड्या

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी साडी नेसून जाणार म्हणालास आणि मी फोनवर नको ते बोलले. मग तू पाठवलेला फोटो दहा वेळा पाहिला. साडी चुकीची नेसलायस. तेवढं तरी सांगू दे.

परकर पँटसारखा खाली बांधलायस. नाडी बेंबीवर हवी, घट्ट, नाहीतर निऱ्यांच्या वजनाने सगळं खाली उतरतं. पुरुषाचं अंग कमरेखाली सरळ असतं, म्हणून साडी नळकांड्यासारखी पडते. दोन्ही बाजूंना अर्धा इंच जाड फोमचे लंबगोल तुकडे घट्ट शॉर्ट्समध्ये बसव. कडा कात्रीने निमुळत्या कर, नाहीतर वरून रेघ दिसते. चप्पल आधी घाल, मग नेस. साडीचा पन्हा ४६ इंचांच्या आसपास असतो आणि तू उंच, त्यामुळे दीड इंचाच्या वर टाच घेतलीस तर पावलं उघडी पडतील. निऱ्या सहा-सात, चार बोटं रुंद, तोंड डावीकडे. पिन आतून.

रात्री परत कशाने येणार?

ब्लाउज शिवून पाठवतेय. खांदे तुझे आजोबांसारखे, म्हणून गळा व्ही आणि बाही कोपरापर्यंत ठेवलीय. फुगा बाही किंवा बंद गळ्याने ते अजून रुंद दिसतात. माप तू नुसत्या छातीवर घेतलं होतंस. ब्रा आणि पॅड घालून घ्यायचं असतं, नाहीतर हुकं ताणतात. शिवणीत एक इंच सोडलाय, लागला तर उसवून घे. मामीची जांभळी साडी देतेय, तिला विचारून. मऊ आहे, अंगाला बसते. शिफॉन नवशिक्याच्या हातात ठरत नाही आणि खळ दिलेली सुती फुगते.

दाढी दुपारी कर. निळसर झाक उरते तिच्यावर नारिंगी करेक्टर थापायचा, चोळायचा नाही. फाउंडेशन त्याच्यावर.

आणि उभा कसा राहिलायस, परेडला असल्यासारखा! अंग कॅमेऱ्याला तिरकं ठेव, वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित वाकलेला. कोपर अंगाला चिकटवू नकोस, हात आणि कंबर यांच्यामधून उजेड दिसला पाहिजे. पंजाची मागची बाजू समोर आली की हात मोठा दिसतो. करंगळीकडची कड दाखव. फोन छातीच्या उंचीवर धरायला सांग, खालून काढला की जबडा रुंद येतो. लहानपणी माझी ओढणी गुंडाळून ओट्यावर उभा राहायचास तेव्हा हे सगळं आपोआप यायचं तुला. मीच ओरडून उतरवायची.

बालगंधर्वांचं बघून बायका साड्या नेसायच्या, दागिने घडवायच्या. पण नाटक सुटल्यावर ते काही लुगड्यात रिक्षा शोधत उभे राहत नसतील. तू एकटा निघू नकोस. गाडी आतूनच बोलव, बरोबर कुणीतरी असू दे, पिशवीत शर्ट-पँट ठेव. परत तेच सांगत बसले. चुकलं.

बांगड्या दोन-दहाच्या घेतल्यात, दोन-सहाच्या तुझ्या हातात चढणार नाहीत. साबण लावून, अंगठा आत दुमडून घाल. खोक्यावर पत्ता बाबांनी घातला. आत काय आहे ते विचारलं नाही. फुटणारं काही आहे का एवढंच विचारलं, आणि लाल पेनाने 'काच' लिहिलं.

तुझी आई