दुसऱ्या उडीचा हिशेब समजावणाऱ्या पंच सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण शालेय मैदानी स्पर्धांना येणारे पालक तुम्हाला ओळखतीलच. मुलांनी उडी मारली की स्वतः फावडं घेऊन हौदातली वाळू सारखी करणारे पंच असे कितीसे असतात?

त्या दिवशी माझ्या लेकीची आणि पहिल्या आलेल्या मुलीची सर्वांत लांब उडी अगदी सारखी होती, तरी हिला दुसरा नंबर. 'नियम आहे' एवढंच ऐकून घरी जायची आम्हाला सवय. तुम्ही मात्र निकालाचा कागद घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसलात आणि माझ्याशी नाही, थेट तिच्याशी बोललात. "पुढच्या वेळी मिळेल हं" असलं काही न म्हणता तुम्ही तिला बर्मिंगहॅमची लांब उडीची फायनल सांगितलीत.

ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल स्पर्धा. बहामाजच्या लाक्वान नेर्नने दुसऱ्याच प्रयत्नात ८.०८ मीटर मारून ठेवलेली. आपला श्रीशंकर केरळमधल्या पालक्काडचा, वडीलच त्याचे प्रशिक्षक, त्याच वर्षी ८.३६ उडी मारलेला. पण त्या रात्री सूर लागत नव्हता: ७.६०, मग ७.८४, पुन्हा ७.८४. चौथी उडी लांब गेली, पण फाऊल. पूर्वी उडी घ्यायच्या फळीपुढच्या प्लॅस्टिसिनवर, म्हणजे मऊ मातीसारख्या थरावर, बुटाचा ठसा उमटला तर फाऊल धरत. नोव्हेंबर २०२१ पासून, पाय जमिनीवरून सुटण्याआधी बूट रेषेच्या जरासा पुढे हवेत गेला तरी उडी बाद. पाचवी उडी: ८.०८. बरोबरी! शेवटची पुन्हा फाऊल.

इथे थांबून तुम्ही तिलाच विचारलंत, "आता सुवर्ण कुणाला?" ती म्हणाली, दोघांना. तुम्ही म्हणालात, उंच उडीत टोकियो ऑलिम्पिकला तसं झालं होतं, लांब उडीत नाही होत. इथे दुसरी चांगली उडी बघतात. नेर्नची ७.९८, श्रीशंकरची ७.८४. तिसरा आलेला दक्षिण आफ्रिकेचा यॉव्हान व्हॅन व्ह्यूरेन ८.०६ वर, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये तिन्ही पदकं! मग कागद तिच्या हातात देऊन "तुझी दुसरी चांगली कुठली, शोध," म्हणालात. तिने शोधली, समोरचीचीही शोधली, आणि आपण दुसऱ्या का आलो ते तिचं तिलाच दिसलं.

मला वाटलं, झालं. पण तिने वाऱ्याचं विचारलं. श्रीशंकरच्या उडीला पाठून वारा होता, नेर्नच्या नव्हता, हे तुम्हीच बोलता बोलता सांगितलेलं. तेव्हा तुम्ही १९९१ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेवर गेलात: कार्ल लुईसची ८.९१ ची उडी पाठच्या जास्त वाऱ्यामुळे विक्रमाला चालली नसती, पण क्रमांकासाठी धरली होती, आणि तरीही माइक पॉवेलने ८.९५ मारून त्याला हरवलं. बॉब बीमनचा १९६८ चा ८.९० चा विक्रमही त्याच उडीने गेला. पुढच्या गटाची मुलं रांगेत उभी होती, माइकवरून तुम्हाला हाका चालल्या होत्या, आणि तुम्ही उभं राहून हाताने पॉवेलची धाव दाखवत होतात.

सर, आमच्या घरात कुणी खेळाडू नाही. मैदानावर मुलीला रुमाल नि पाण्याची बाटली देण्यापलीकडे मला काही करता येत नाही. तिला तिच्या खेळातलं कुणीतरी बरोबरीच्या नात्याने समजावून सांगावं, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. त्याबद्दल मनापासून आभार.

आता ती सरावातल्या सगळ्या उड्या वहीत लिहिते, फाऊलसुद्धा. एक चांगली बसली की उरलेल्या उड्या उरकून टाकायची तिची सवय गेली आहे. प्रशिक्षकांनाही हा बदल जाणवला.

एक इशारा मात्र देऊन ठेवते. मोजताना सेंटिमीटरच्या खालचा भाग सोडून देतात, हे तिला कुठूनसं कळलं आहे. म्हणजे बरोबरी झाली तेव्हा खरी लांब उडी तिचीच असू शकेल की नाही, हे ती पुढच्या स्पर्धेत तुम्हाला विचारणार आहे. मी काही तिला थांबवणार नाही.

आपली नम्र,
एका लांब उडीवालीची आई