कुरेनाई : करडईच्या पोटातला लाल

सेंदाई, 14 जुलै

प्रिय शालन,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी करडईच्या रानात उभी होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. जपानात कुठली करडई, म्हणशील. अगं, तीच! तुमच्या ज्वारीत गुरं शिरू नयेत म्हणून कडेनं जिची तासं टाकायचो, जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी तुझी आई लसूण घालून करायची, ती. लेकीनं मला रेल्वेनं यामागाताजवळच्या ताकासे गावी नेलं होतं. डोंगराच्या उतारावर पिवळीधमक रानं बघून मला क्षणभर मंगळवेढ्यात असल्यासारखं वाटलं.

इथं तिला बेनीबाना म्हणतात, आणि तिच्या फुलातून जो लाल निघतो त्याला कुरेनाई. ‘कुरे नो आई’, म्हणजे चीनच्या वू देशाकडून आलेला रंग, यावरून ते नाव पडलं. आपल्याकडे कुसुंबी म्हणतात तो रंगही हाच. कुसुंभ म्हणजे करडईच. आपण नाव ठेवलं आणि रंग मात्र विसरलो. आपण दोघींनी इतकी वर्षं ते झाड पाहिलं, त्याचं तेल खाल्लं, त्याचे काटे काढले, पण त्याच्या पोटात लाल आहे हे कधी कुणी दाखवलं नाही.

दक्षिणायन लागल्यावर अकराव्या दिवशी, म्हणजे 2 जुलैच्या सुमाराला, सगळ्या रानात आधी एकच फूल उमलतं आणि मागून बाकीची, असं तिथले लोक सांगतात. तोडणी पहाटे करायची, कारण दवानं काटे मऊ पडलेले असतात. तुम्ही करडई काढायला हाताला फडकी बांधून अंधारात निघायचात ना, ते आठवलं आणि मी तिथल्या म्हाताऱ्या बाईला खुणेनं सांगितलं की आमच्याकडेही असंच. तिला कळलं. तिनं माझ्या हातात एक फूल ठेवलं. पाकळ्या वर पिवळ्या आणि बुडाशी जरा तांबूस झालेल्या.

आता खरी गंमत ऐक. त्या पाकळीतला जवळजवळ सगळा रंग पिवळाच असतो, लाल असतो शंभरात एखादा भाग. पिवळा पाण्यात विरघळतो, लाल विरघळत नाही. म्हणून पाकळ्या आधी धुवायच्या, तुडवायच्या, पिवळं पाणी सोडून द्यायचं. मग ओल्याच दोन-तीन दिवस चटईखाली झाकून ठेवायच्या. त्या आंबतात आणि हळूहळू लाल होतात. मग कुटून चपट्या वड्या थापून उन्हात वाळवायच्या, त्या बेनीमोची. रंगारी त्या वड्या पुन्हा धुतो, राखेच्या खाऱ्या पाण्यात भिजवून पिळतो, तेव्हा लाल सुटतो. शेवटी त्यात आंबट घालतो. ‘उमे’ नावाचं फळ धुरात काळं करून ठेवलेलं असतं, त्याचं पाणी. आंबट पडलं की लाल उजळतो आणि कापडाला धरतो. हळदीचं कुंकू होतं तसं हे, असं मला आधी वाटलं. पण तिथं खार लागला की पिवळाच लाल होतो. इथं सगळा पिवळा टाकून द्यावा लागतो, तेव्हा कुठं तळाचा लाल हाती लागतो.

या वड्या मोगामी नदीतून होडीनं साकाता बंदरात जायच्या, तिथून गलबतानं त्सुरुगाला आणि पुढे क्योतोच्या रंगाऱ्यांकडे. सोन्याच्या भारोभार किंमत, असं म्हणत. ज्या बायका काट्यांतून फुलं तोडायच्या त्यांच्या अंगावर तो लाल कधी चढला नाही.

फार जुन्या काळी, हेइआन दरबारात, गडद कुरेनाई कुणीही नेसायचा नाही. तो वरच्यांचा. बाकीच्यांना फिका चाले, आणि त्या फिक्याला नावच होतं ‘युरुशी-इरो’, परवानगीचा रंग. किती फिका, तेही ठरलेलं. एक किन, म्हणजे सुमारे 600 ग्रॅम फुलांत दोन किमोनोंचं रेशीम रंगवायचं. येईल तो गुलाबी ‘इक्कोन-झोमे’. कागदावर त्याचा नमुना पाहिला. पहाटेच्या आभाळासारखा, सुंदर आहे ग. पण मला एकदम तुझ्या आत्याबाई आठवल्या. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, आणि त्यानंतर जत्रेतून लुगडं आणायचं झालं की घरातलं कुणीतरी म्हणायचंच, “फिकं बघा, फिकं चालतं.” तो नमुना माझ्याच्यानं फार वेळ बघवला नाही.

ओठांचंही तसंच. टोकियोत 1825 पासूनचं इसेहान नावाचं दुकान अजून करडईचा ओठरंग करतं. चिनी मातीच्या वाटीत आतून लावलेला असतो. वाळलेला दिसतो हिरवा, चमकत्या भुंगेऱ्याच्या पंखासारखा. ओला कुंचला फिरवला की लाल! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शौकीन बायका खालच्या ओठावर थरावर थर द्यायच्या, ओठ हिरवा चमकेपर्यंत. ज्यांना ते परवडत नसे त्या आधी काळी शाई लावून वर पातळ हात फिरवायच्या. त्या शाईवाल्या बायकांवर माझा जीव जडला आहे.

पुढे स्वस्त विलायती रंग आले आणि ही शेती मोडत गेली. तरी नारा इथल्या तोदाईजी देवळात दर मार्चला कागदाची कॅमेलियाची फुलं वाहतात, त्यांच्या लाल पाकळ्या अजून करडईनंच रंगवतात. कागदावर पुन्हा पुन्हा हात द्यावे लागतात. आणि हे काम चालतं कडाक्याच्या थंडीत, कारण उष्णतेनं हा लाल बिघडतो. थंडीतला लाल सगळ्यांत चांगला, असं इथं पूर्वीपासून मानतात.

शालन, आपली करडई फुलतेच थंडीत! म्हणून हे एवढं लांबण लावलं. यंदा दाणा धरला आणि पाकळ्या लालसर सुकल्या की दोन-तीन ओंजळी काढून ठेव. दाण्याला काही होत नाही. मलमलच्या पुरचुंडीत बांधून गार पाण्यात धू, पाणी निवळेपर्यंत. घाई करू नकोस. मग चुलीतली राख पाण्यात ढवळून, निवळ वरचं पाणी घे, त्यात पाकळ्या भिजवून पीळ. त्यात धुतलेलं सुती फडकं टाक आणि वर लिंबू पिळत राहा. गरम पाणी मुळीच नको. वाळवायचं सावलीत, कारण हा रंग उन्हात उडतो. एकदा बुडवून गुलाबीच येईल. तिथं थांबू नकोस, ताज्या पाकळ्या घेऊन पुन्हा बुडव, जमेल तितक्या वेळा.

मी जानेवारीत येतेय, पण माझी वाट बघू नकोस. आत्याबाईंना ओट्यावर बसव आणि फडकं त्यांच्या हातात दे. पुरे कधी म्हणायचं ते त्यांना ठरवू दे.

तुझी,
मंदा