बाळाच्या नवव्या महिन्याचा लशीचा डोस सीमेवर अडकू नये: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय,

खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील मराठी घरांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही टिकून आहे, आणि अनेकींचे माहेर चंदगड, गडहिंग्लज अशा महाराष्ट्रातील तालुक्यांत असते. त्यामुळे बाळाची पहिली लस एका राज्यात आणि पुढची दुसऱ्या राज्यात टोचली जाते. न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्ध बाळाचे शरीर कसे तयार होते हे पाहिले, तर ही बाब किरकोळ राहत नाही.

गरोदरपणाच्या शेवटच्या 3 महिन्यांत आईची प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) वारेतून मोठ्या प्रमाणात बाळाकडे जातात. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती कमी मिळतात. जन्मानंतर ती झपाट्याने घटत जाऊन सहाव्या महिन्याच्या सुमारास जवळपास संपतात. अंगावरच्या दुधातील प्रतिपिंडे घशाच्या व आतड्याच्या अस्तरावर राखण करतात, रक्तात फारशी उतरत नाहीत. याच काळात न्यूमोकोकस आणि हिमोफिलस हे जंतू बहुधा थोरल्या भावंडांकडून बाळाच्या नाका-घशात येऊन राहतात. बहुतेक वेळा आजार होत नाही. उलट जंतूंच्या प्रथिनांची ओळख होऊन बाळ हळूहळू स्वतःची प्रतिपिंडे बनवू लागते. अडचण आहे ती जंतूभोवतीच्या शर्करेच्या कवचाची, कारण 2 वर्षांखालील मुलाचे शरीर नुसत्या शर्करेला नीट दाद देत नाही. म्हणून न्यूमोकोकसविरुद्धच्या पीसीव्ही या लशीत आणि पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांवरच्या लशीतील हिब भागात (म्हणजे हिमोफिलसविरुद्धच्या) ही शर्करा प्रथिनाला जोडलेली असते. त्यामुळे टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) मदतीला येतात आणि जंतूची आठवण शरीरात टिकते.

पीसीव्ही 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने अशा वेळी द्यायची असते. पहिल्या दोन डोसांनी वाढलेली प्रतिपिंडे पुढे ओसरतात, आणि नवव्या महिन्याचा डोस ती पुन्हा बरीच वर नेतो. नेमका हाच डोस चुकताना मी पाहिला आहे. एका आईच्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर दोन कार्डे होती, एक माहेरचे मराठी आणि एक इकडचे कन्नड तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदींचे). पहिल्यावर 6 आठवड्यांची तारीख होती, दुसऱ्यावर तीच चौकट कोरी. पुढची तारीख तिला कोणीच सांगितली नव्हती, आणि बाळ तोवर वर्षाचे झाले होते.

परराज्यातील कार्डावरचा डोस उपकेंद्रात कोणताही हेलपाटा न घालायला लावता नोंदवून घ्यावा, असा स्पष्ट आदेश आपण काढावा. नवव्या महिन्याची आठवण आशाताईंमार्फत मराठीत, चिठ्ठीवर तारीख लिहून दिली जावी. जांबोटी-कणकुंबीकडच्या वस्त्यांत तर पावसाळ्यात रस्ताच अडतो. तेथे ज्या बाळांचे नऊ महिने पावसात भरणार आहेत, त्यांची यादी मे महिन्यातच तयार करून लसीकरण वस्तीवर नेण्याची सोय व्हावी.

आपली विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त अंगणवाडी सेविका