ब्रिजटाऊनहून, निखिलला

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर भांडायचं नाही असं आईने बजावलंय, म्हणून मेल करतोय. तुझ्या बाईकवरून हिमाचलात स्पितीला जायचा विषय काढणार नाही.

आज बोट बार्बाडोसला लागली. साडेचारच्या आत परत या, नाहीतर बोट थांबणार नाही अशी तंबी होती. ताई, जावईबापू आणि आई छोट्याला घेऊन कार्लाइल बेला कासवं बघायला गेले आणि मी चालत केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान गाठलं, बंदरापासून जवळच आहे. दमट ऊन, शर्ट पाठीला चिकटला. इथे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, त्यामुळे रस्ता ओलांडायला बरं वाटलं, न्यूजर्सीत मी अजून उलटीकडेच बघतो. एक पोरगा बाईकवरून गेला, डोक्यावर हेल्मेट आणि पट्टासुद्धा लावलेला. मुद्दाम बघितलं नाही, दिसलं.

बाहेर वेस्ट इंडिजचा जुना ऑलराउंडर सोबर्स, त्याचा पुतळा आहे. वॉचमनने गेटातून डोकावू दिलं. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकल्यावर रोहितने तोंडात टाकलं ते गवत हेच! २९ जून २०२४ ला सूर्याने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा तू मला सोफ्यावरून उचललं होतंस, माझ्या कमरेचा विचार न करता, आणि खालच्या काकू बेल वाजवायला आल्या त्या पेढा खाऊनच गेल्या.

पण तिथे उभा राहिल्यावर मला आठवला तो नरी कॉन्ट्रॅक्टर. १९६२, आपला कॅप्टन, बार्बाडोसविरुद्धची मॅच, त्यांचा फास्ट बॉलर ग्रिफिथचा बॉल कानाच्या वर लागला आणि कवटी फुटली. पॅव्हेलियनमध्ये कुणीतरी खिडकी उघडली, क्षणभर लक्ष तिकडे गेलं असं ते स्वतः सांगायचे. रक्त द्यायला आपले बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर होतेच पण वेस्ट इंडिजचा कॅप्टन वॉरेलसुद्धा. माणूस वाचला, पण परत टेस्ट नाही खेळला. वय २८. तुझ्याएवढाच. आणि तू चालवताना मॅप बघतोस, हेल्मेट आरशाला लटकलेलं.

माहितीये काय म्हणशील. बाबा, तुम्हीच सांगायचात ना, गावसकर हेल्मेटशिवाय खेळला. सांगायचो. इथेच १९७१ ला पहिल्या डावात १ आणि दुसऱ्यात नाबाद ११७, अख्ख्या सिरीजमध्ये ७७४. पण पुढे त्यानेही डोकं वाचवायला स्कल कॅप घातलीच की! पुण्यात हेल्मेटविरुद्ध मोर्चे निघतात, निघू देत. बाळूमामाच्या वेळी हॉस्पिटलच्या कागदावर सही मी केली होती, आईला अजून ते सगळं माहीत नाही आणि तूही सांगू नकोस.

बघ, परत सुरू झालो. सॉरी. बाईक तू स्वतःच्या पगारातून घेतलीस, रविवारी खाली बसून चेन साफ करतोस, हे मी जोश्यांना किती वेळा ऐकवलंय ते त्यांनाच विचार. जा तू स्पितीला. मी अडवत नाही, अडवून ऐकणारा तू नाहीस, आजोबांवर गेलायस.

फ्लाइंग फिश खाल्ला, चांगला होता पण आपल्या सुरमईची सर नाही. तुझ्यासाठी पिवळी तिखट चटणी घेतलीय, बाटली फुटली नाही तर मिळेल. आईने टी-शर्ट एक्सएल घेतलाय, मी एल म्हणत होतो.

हेल्मेट नवीन घे, आयएसआय मार्कचं, पूर्ण तोंडाचं, दुकानात घालून बघून. पैसे मी देतो, बिल पाठव. आणि उत्तर लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस.

बाबा