पदकाची बातमी छापता, मग कार्यक्रमपत्रिकाही छापा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

परदेशातल्या मोठ्या पियानो स्पर्धेत अठरा-वीस वर्षांचा कुणी पहिला आला की मराठी वर्तमानपत्रांत तीन ओळी येतात. वय, देश, बक्षिसाची रक्कम, संपले. सोलापुरातल्या एखाद्या मुलीने पियानोची ग्रेडची परीक्षा दिली की तीच बातमी जरा मोठी होते, सोबत पुष्पगुच्छाचा फोटो. दोन्हीकडे एकच गोष्ट गहाळ असते : वाजवले काय? गवयाच्या मैफलीची बातमी देताना मारवा झाला की यमन, हे आपण लिहितोच. पियानोवाल्याच्या वाट्याला मात्र फक्त गुण आणि क्रमांक.

आमचे म्हणणे एवढेच की तरुण पियानोवादकाची कारकीर्द त्याच्या कार्यक्रमपत्रिकांवरून कळते. या हंगामात कोणत्या रचना घेतल्या, मागच्या हंगामातल्या कोणत्या सोडल्या, हे लावून पाहिले की पुढच्या पाच वर्षांचा अंदाज येतो.

दक्षिण कोरियाचा युनचान लिम घ्या. जन्म २००४. सातव्या वर्षी सुरुवात, मिनसू सोन हे गुरू. जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट वर्थ शहरी व्हॅन क्लायबर्न स्पर्धेत अठराव्या वर्षी सुवर्णपदक, त्या स्पर्धेच्या इतिहासातला सर्वांत लहान विजेता. बातमी इथे थांबली. खरी गंमत उपांत्य फेरीतल्या निवडीत होती. स्पर्धक अशा ठिकाणी सहसा मिसळीचा बेत करतात : थोडा बाख, एखादा सोनाटा, शेवटी काहीतरी झगमगीत, म्हणजे परीक्षकांना सगळे रंग दिसतात आणि हातालाही मधे विसावा मिळतो. लिमने संगीतकार लिस्टचे बाराही ट्रान्सेंडेंटल एट्यूड (एकेका तांत्रिक अडचणीवर बेतलेल्या रचना) सलग वाजवले, सुमारे पासष्ट मिनिटे. यातला धोका केवळ वेगाचा नाही. चौथ्या 'माझेप्पा'त दोन्ही बाहूंचे वजन पट्ट्यांवर ओतावे लागते आणि लगेच पाचव्यात तेच हात पिसासारखे हलके करावे लागतात. माझेप्पात मनगट आवळले गेले तर पाचवा हमखास फसतो. अंतिम फेरीत त्याने मरिन ऑल्सप यांच्या संचालनाखाली संगीतकार रखमानिनोवचा तिसरा कन्चेर्तो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना) वाजवला. ती चित्रफीत यूट्यूबवर एक कोटीहून अधिक वेळा पाहिली गेली आहे.

हा कन्चेर्तो १९०९ चा, चाळीस मिनिटांच्या वरचा. पहिल्या भागात एकल वादनाच्या जागेसाठी रखमानिनोवने दोन पर्याय लिहून ठेवले आहेत, एक चपळ आणि हलका, दुसरा जड स्वरगुच्छांचा. ऐकताना वादकाने कोणता घेतला आणि त्यानंतर शेवटच्या भागापर्यंत त्याचा दम कितपत टिकला, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

आता पदकानंतरचे. त्या रखमानिनोववर लिमला दहा वर्षे काढता आली असती. मागणीच तशी होती. त्याने संगीतकार शोपँचे ओपस १० आणि ओपस २५ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनासंचाचा क्रमांक) मिळून चोवीस एट्यूड हाती घेतले, फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तेच वाजवले आणि त्याच वर्षी त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तिला 'ग्रामोफोन' या ब्रिटिश संगीत मासिकाचा पुरस्कारही मिळाला. हे एट्यूड म्हणजे पलट्यांची वही नव्हे, पण प्रत्येकात एक विशिष्ट अडचण सोडवलेली असते. ओपस १० मधल्या दुसऱ्यात उजव्या हाताच्या तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या बोटांनी एकेका अर्धस्वराने चढायचे-उतरायचे आणि त्याच हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी खाली सूर-संगत द्यायची. लय मिनिटाला १४४ ठोक्यांची. दुबळी बोटे थकली की अंगठ्याकडचे सूर ठोकले जाऊ लागतात. तिथे कान लावावा.

त्याच वसंतात हाताला ताण आल्याने त्याने काही कार्यक्रम रद्द केले. वर्तमानपत्राच्या दृष्टीने ही पदकाइतकीच मोठी बातमी होती, कारण विशीतल्या वादकाची गाडी घसरते ती बहुधा इथेच. पदक मिळाले की पुढच्या हंगामासाठी दोन वेगळे एकल कार्यक्रम आणि चार-पाच कन्चेर्तो तयार ठेवावे लागतात, मधे विमानप्रवास, रोज नवा पियानो. विश्रांतीसाठी कार्यक्रम सोडणे हे शहाणपणाचे लक्षण, दुबळेपणाचे नव्हे. २०२५ मध्ये लिम बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सकडे वळला : १७४१ ची रचना, एक आरिया (मूळ धून), तीस रूपांतरे आणि पुन्हा तीच आरिया. ती मुळात हार्पसिकॉर्ड या जुन्या वाद्यासाठी, तेही एकावर एक अशा पट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या. पियानोला पट्ट्यांची ओळ एकच, त्यामुळे दोन हात एकमेकांत अडकतात आणि कोणता हात वर, कोणता खाली, हे आधी ठरवावे लागते. लिस्ट, रखमानिनोव, शोपँ आणि मग बाख : या एका ओळीत त्याची तीन वर्षे आहेत.

उलटे उदाहरण खुद्द व्हॅन क्लायबर्नचे, म्हणजे ज्याच्या नावाने ती फोर्ट वर्थची स्पर्धा आहे त्या अमेरिकन पियानोवादकाचे. १९५८ मध्ये तेविसाव्या वर्षी, शीतयुद्ध ऐन भरात असताना, मॉस्कोची पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकून तो परतला तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याची मिरवणूक निघाली. चायकोव्हस्कीच्या पहिल्या कन्चेर्तोची त्याची तबकडी दहा लाखांवर खपली. मग जिथे जाईल तिथे तोच कन्चेर्तो. १९७८ मध्ये तो मंचावरून बाजूला झाला, तेव्हा वय पंचेचाळीसच्या आत. इटलीच्या मौरित्सिओ पोल्लीनीने १९६० मध्ये अठराव्या वर्षी वॉर्साची शोपँ स्पर्धा जिंकली आणि लगेच दौऱ्यांवर न निघता काही काळ अभ्यासात घालवला. पुढची पन्नासेक वर्षे तो वाजवत राहिला. (आपल्याकडे तिशीतल्या गवयालाही 'होतकरू' म्हणतात, त्याला हसू नये.)

आणि अमेरिकेचा पियानोवादक एरिक लू. २०१५ च्या शोपँ स्पर्धेत सतराव्या वर्षी चौथा. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या स्पर्धेत पहिला. बहुतेकजण इथे स्पर्धांना रामराम ठोकतात, कारण हरलो तर मिळवलेलेही जाते. तो २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा वॉर्साला गेला आणि पहिला आला. ही दहा वर्षे जो ऐकत होता त्याला हा निकाल अचानक वाटला नाही.

कारकीर्दीवर लक्ष ठेवायचे तर आणखी एक खूण आहे. वाद्यवृंदांचे कार्यक्रम दीड-दोन वर्षे आधी ठरतात. म्हणून पदकानंतर लगेच आलेली निमंत्रणे पदकाची असतात. तोच वाद्यवृंद तीन वर्षांनी पुन्हा बोलावतो, ते निमंत्रण वादनाचे. वादकाच्या संकेतस्थळावरच्या तारखांमध्ये एकाच वाद्यवृंदाचे नाव दुसऱ्यांदा दिसते का, ते शोधावे. ध्वनिमुद्रिकेपेक्षा प्रत्यक्ष कार्यक्रमाचे मुद्रण आधी ऐकावे, कारण स्टुडिओत एकेक ओळ दहादा वाजवून जोडता येते.

आता सोलापूरकडे. ग्रेडच्या बातम्यांबाबत वाचकांना हे माहीत असावे : या परीक्षा घेणाऱ्या दोन ब्रिटिश संस्था आहेत, एबीआरएसएम आणि ट्रिनिटी. एबीआरएसएमची परीक्षा १५० गुणांची, १०० ला उत्तीर्ण, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. ट्रिनिटीची १०० ची, तिथे हेच आकडे ६०, ७५, ८७. आठवी ग्रेड ही पायऱ्यांची शेवटची पायरी, त्यावर डिप्लोमा सुरू होतात. विशारद झालेल्याला आपण लगेच पंडित म्हणत नाही, तसेच हे. म्हणून बातमीत ग्रेड आणि गुण द्या, पण वाजवलेल्या तीन-चार रचनांची नावेही द्या. जाणता वाचक नावांवरूनच मुलीचा हात ओळखतो.

दुसरी अडचण घरातली. पुष्कळ मुले ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकतात. पियानोला ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. पण पट्ट्यांची संख्या ही त्यातली लहान अडचण. खऱ्या पियानोची पट्टी सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते आणि तिला हलवायला साधारण पन्नास ग्रॅमचा भार लागतो. कीबोर्डची पट्टी स्प्रिंगची, फुंकर मारली तरी दबेल अशी. तिच्यावर चार वर्षे शिकलेले मूल नुसती बोटे खुपसून वाजवते, हाताचे वजन सोडायला शिकतच नाही. परीक्षेच्या खोलीतल्या पियानोवर आवाज उमटेना झाला की ते मनगट घट्ट करते आणि तिथून कोपरापर्यंत दुखायला लागते. पायाने दाबून सूर लांबवायचे पेडल स्वस्तातले असेल तर तेही चालू-बंद एवढेच जाणते. शोपँला लागणारे अर्धे पेडल, म्हणजे अर्धवट दाबून सूर थोडाच लांबवणे, त्यात नाहीच. पियानो परवडत नसेल तर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणि अर्धे पेडल ओळखणारे पेडल, एवढे तरी हवे. सहाव्या ग्रेडपर्यंत त्यावर निभते.

बैठकीकडे तर कुणी पाहतच नाही. कात्रीसारख्या स्टँडवर कीबोर्ड आणि समोर प्लॅस्टिकची खुर्ची, म्हणजे कोपर पट्ट्यांच्या खाली. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर हवे. पाय लटकत असतील तर खाली पाट ठेवावा. लटकत्या पायांनी पाठ ताठरते. अवघड जागा निम्म्या लयीत, पंचवीस-तीस मिनिटांनी हात सोडून उठायचे. हाताच्या पुढच्या भागात जळजळ सुरू झाली तर त्या दिवशी ती रचना बंद. 'अजून दहादा वाजव' म्हणणारे पालक इथेच नुकसान करतात.

खरा पियानो घेणाऱ्यांसाठी, किंवा उद्या हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात तो ठेवायचे कुणी मनावर घेतले तर, सोलापूरच्या हवेचा हिशेब आधी करावा लागेल. मागाच्या शेडमध्ये हवा कोरडी पडली की सूत तुटते, हे इथे कुणाला सांगायला नको. पियानोचेही तसेच, फक्त तुटते ते हळूहळू. आत सुमारे २३० तारा, त्यांचा एकत्रित ताण अठरा-वीस टनांच्या घरात, आणि तारांचा आवाज मोठा करणारी स्प्रूस लाकडाची पातळ फळी. पावसाळ्यात फळी फुगते, सूर चढतो, पट्ट्या अडकतात. एप्रिल-मेमध्ये तीच आक्रसते आणि सूर उतरतो. सर्वांत वाईट म्हणजे तारा ताणणाऱ्या खुंट्या जिथे ठोकल्या असतात ते लाकूड सुकून खुंट्या सैल पडतात. मग कितीही सूर लावा, आठवड्यात उतरतो, आणि दुरुस्ती म्हणजे जाड खुंट्या घालणे.

वाद्याला ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यानची आर्द्रता मानवते. खोलीत आर्द्रता मोजणारे साधे यंत्र लावावे आणि रोज एकदा आकडा पाहावा. कूलर पियानोच्या रोखाने ठेवू नये. दिवसा कूलरची ओल आणि रात्री कोरडी हवा असे हेलकावे नुसत्या कोरडेपणापेक्षा जास्त मारक असतात. उन्हाळ्यात खोलीत बाष्प सोडणारे यंत्र, पावसाळ्यात ओल शोषणारे, आणि वाद्य बाहेरच्या भिंतीला न टेकवता आतल्या भिंतीशी. वर्षातून दोनदा सूर लावावा, तोही ऋतू स्थिरावल्यावर : एकदा जुलैच्या अखेरीस, एकदा दिवाळीनंतर. नव्या पियानोला पहिल्या वर्षी चार वेळा. सूर फार उतरलेला असेल तर एका बैठकीत भागत नाही. आधी सगळ्या तारा ढोबळ ओढून घ्यायच्या, दोन-तीन आठवडे बसू द्यायच्या, मग बारीक काम. एकदम केले तर शेवटच्या तारेपर्यंत पोचेतो पहिल्या उतरलेल्या असतात. सूर लावणारा बाहेरगावाहून बोलवायचा तर दोन-तीन घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा, प्रवासखर्च वाटला जातो.

प्रत्यक्ष ऐकायचे तर मुंबईला नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे कलाकेंद्र आहे. तिथे २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि तिच्या हंगामात पाहुणे पियानोवादक येतात. संध्याकाळचा कार्यक्रम ऐकून सोलापूरला येणारी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठता येते. तिकीट काढताना बैठक डावीकडची मागावी, म्हणजे वादकाचे हात दिसतात. उजवीकडून फक्त चेहरा दिसतो, आणि पियानोवादकाच्या चेहऱ्यावरून फारसे शिकण्यासारखे नसते.

आपल्या वार्ताहरांना विनंती : पुढच्या वेळी विजेत्याची बातमी देताना अंतिम फेरीतली रचना, गुरूचे नाव आणि पुढच्या हंगामातले दोन कार्यक्रम एवढे तरी छापा. सहा महिन्यांनी त्याच नावावर पुन्हा चार ओळी द्या. स्पर्धा थेट प्रक्षेपित होतात, त्यांच्या वेळा आधी दिल्यात तर इथे ऐकणारे आहेत. वॉर्साची शोपँ स्पर्धा ऑक्टोबरात असते, तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, जेवण उरकून बसण्याची वेळ. फोर्ट वर्थची क्लायबर्न उन्हाळ्यात, तिथले रात्रीचे साडेसात म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे सहा. पण या दोन्ही २०२५ मध्ये होऊन गेल्या. आता आधी येईल ती लीड्स. २०१८, २०२१, २०२४ अशी ती तीन-तीन वर्षांनी झाली आहे, त्या हिशेबाने पुढची २०२७ ची. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, तेव्हा त्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्यांनी दुपारी उशिरा चहा घेऊन ठेवावा.

आपले,
पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारे काही वाचक,
सोलापूर